लांबच्या प्रवासापूर्वी मोटरसायकलच्या सीट आणि कॅरिअरच्या जोडण्या भक्कम करण्याची तयारी

या कामाला निघण्याच्या आदल्या आठवड्यात हात घालू नये. तपासणीत एखादा तडा सापडला, वेल्डिंग करावे लागले किंवा नवे ब्रॅकेट करून घ्यावे लागले, तर त्यानंतर सामान लादून दोनशे किलोमीटरची चाचणी फेरी मारण्याएवढी सवड हाताशी राहिली पाहिजे. त्याआधी गाडीच्या माहितीपुस्तिकेतली दोन वजने पाहून घ्यावीत: स्वार, मागे बसणारा आणि सामान धरून गाडीला पेलणारे कमाल वजन, आणि एकट्या कॅरिअरची मर्यादा. ही दुसरी मर्यादा अनेक गाड्यांत अपेक्षेपेक्षा बरीच कमी असते, आणि तिच्यात कॅरिअरवरच्या रिकाम्या पेटीचे व तिच्या बैठकपट्टीचे (पेटी जिच्यावर बसते त्या पट्टीचे) वजनही धरायचे असते, हे सहसा विसरले जाते. कितीही पट्ट्या जोडल्या तरी या मर्यादा वाढत नाहीत.

त्यानंतर सीट, बाजूची प्लास्टिकची कव्हरे, मागची पकड-दांडी आणि कॅरिअर उतरवून सबफ्रेम, म्हणजे सीट व कॅरिअर पेलणारी मागची चौकट, पूर्ण उघडी करावी. ती धुऊन कोरडी करावी आणि विजेरीचा प्रकाश तिरपा पाडून प्रत्येक सांधा पाहावा. तडा सहसा वेल्डिंगच्या मध्यभागी पडत नाही. वेल्डिंगची कड जिथे नळीला मिळते तिथे, नळीच्या वळणावर, किंवा जाड ब्रॅकेट संपून बारीक नळी सुरू होते त्या ठिकाणी तो आधी रंगावरची केसासारखी रेघ म्हणून दिसतो आणि काही दिवसांनी त्यातून गंजाचा ओघळ उतरतो. सबफ्रेम मुख्य चौकटीला जिथे बोल्टने जोडलेली असते ती जागा आणि शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळचा भाग यांना अधिक वेळ द्यावा. बोल्ट काढताना वॉशरखाली तांबूस भुकटी दिसली, किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर काळसर करडी भुकटी दिसली, तर तो सांधा चालत्या गाडीत घासत होता असे समजावे, मग बोल्ट हाताला कितीही घट्ट लागलेला असो. अशा सांध्याचे भोक लांबट झाले आहे का, हे नवा बोल्ट त्यात घालून हलवून पाहावे.

मजबुतीसाठी काय जोडायचे हे ठरवण्याआधी भार कोणत्या वाटेने जातो हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण बहुतेक चुकीची कामे इथूनच सुरू होतात. समजा, दहा किलोचे सामान कॅरिअरच्या सर्वांत मागच्या बोल्टांपासून चाळीस सेंटिमीटर मागे आहे आणि पुढच्या व मागच्या बोल्टांत वीस सेंटिमीटरचे अंतर आहे. गाडी उभी असतानाच पुढच्या बोल्टांना साधारण वीस किलोची ओढ वरच्या दिशेने बसते, तर मागच्यांवर तीस किलोचा दाब येतो. खड्ड्यात चाक आपटले की हेच आकडे काही पटींनी वाढतात. हेच सामान वीस सेंटिमीटर पुढे सरकवले, तर पुढच्या बोल्टांवरची ओढ निम्मी होते. म्हणून नवी पट्टी जोडण्याआधी सामानाची मांडणी बदलता येते का, हे पाहावे: हत्यारे, पाणी आणि सुटे भाग यांसारखे जड सामान टाकीजवळ किंवा बाजूच्या पेट्यांत खाली व पुढे, आणि कॅरिअरवर झोपण्याची पिशवी, कपडे असे हलके सामान. एवढ्यानेच काम भागत असेल, तर वेल्डिंगच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बोल्टांच्या बाबतीत काटकसर करू नये, पण नको तितके कठीण बोल्टही घालू नयेत. डोक्यावर ८.८ असा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा असलेले पोलादी बोल्ट बहुतेक कॅरिअरांना पुरतात; मुळात १०.९ चा असेल तिथे तोच घालावा. चकचकीत दिसतात म्हणून सगळीकडे स्टेनलेसचे बोल्ट घालण्याची हौस टाळावी, कारण ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, त्याचे आटे कसताना एकमेकांत अडकून बसू शकतात, आणि ॲल्युमिनियमच्या संगतीत ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम गंजू लागते. कोणताही सांधा मुळात टिकतो तो बोल्टने दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरल्यामुळे. तो दाब गेला की भाग सरकू लागतात आणि बोल्टवर वाकवणारा व कापणारा भार येतो. दाब टिकावा म्हणून संपर्काच्या जागेवरचा जाड रंग खरवडून फक्त पातळ प्रायमरचा हात द्यावा, कारण जाड रंग दाबाखाली हळूहळू बसतो आणि बोल्ट ढिला पडतो. कसण्याचा जोर माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावा. तिथे काही दिलेले नसल्यास ८.८ च्या कोरड्या पोलादी बोल्टासाठी ६ मिलिमीटरला सुमारे १० न्यूटन-मीटर आणि ८ मिलिमीटरला सुमारे २५ न्यूटन-मीटर हा अंदाज धरता येतो, मात्र ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या आट्यांसाठी तो कमी करावा. नायलॉनची कडी असलेला नट दर वेळी नवा घ्यावा आणि कसल्यावर बोल्टचे एकदोन आटे कडीबाहेर आलेले असावेत. जिथे नट बसवता येत नाही, तिथे आटे तेलमुक्त करून मध्यम ताकदीचा, निळा आटे-बंद द्रव लावावा. लाल द्रव लावला, तर वाटेत तो बोल्ट तापवल्याशिवाय सुटणार नाही.

स्पेसरकडे, म्हणजे दोन भागांत अंतर राखणाऱ्या तुकड्याकडे, मात्र बारकाईने पाहिले पाहिजे, कारण प्लास्टिकच्या कव्हराबाहेर कॅरिअर आणण्यासाठी बोल्टवर तीन सेंटिमीटरची नळी घातलेली असते आणि तिथे बोल्ट प्रत्यक्षात तुळईचे काम करू लागतो. वॉशरांची चळत लावून केलेला स्पेसर तर सरळ काढून टाकावा. त्याजागी बोल्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट बाह्य व्यासाचा, दोन्ही तोंडे काटकोनात कापलेला एकसंध पोलादी स्पेसर घ्यावा आणि शक्य असेल तर शेजारचे दोन स्पेसर एका पट्टीने बांधून घ्यावेत. रबरी बुश असलेल्या जोडणीत आतली पोलादी नळी जागेवर आहे ना, हे पाहावे. ती हरवली असेल, तर पाना कितीही फिरवला तरी रबरच चेपत राहते.

कॅरिअरला खरोखर जास्तीचा आधार हवा असेल, तर त्याच्या मागच्या भागापासून मागच्या पायटेकूच्या ब्रॅकेटपर्यंत तिरपी दांडी देऊन त्रिकोण तयार करावा. जागच्या जागी जाडी वाढवण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सरस आहे. बाजूच्या पेट्यांच्या चौकटी चाकामागून आडव्या दांडीने एकमेकींना जोडाव्यात, नाहीतर त्या आतबाहेर डुलतात. दांडी बसवताना सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक आणि चेन तिला लागत नाहीत, सायलेन्सर पेटीपासून दूर राहतो आणि मागच्या दिव्याची वायर कुठे चेपत नाही, याची खात्री करावी. सबफ्रेमच्या नळीला नवे भोक मात्र पाडू नये.

वेल्डिंग अटळ असेल, तर बॅटरीच्या तारा आणि इंजिनच्या नियंत्रक पेटीचे जोड सोडावेत, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवावी आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावा. तड्याच्या टोकाला छोटे भोक पाडून तो थांबवावा, कानशीने खाच करून भरावा आणि वरून जोडायची पट्टी टोकांकडे निमुळती होत जाणारी असावी. चौकोनी कापलेली जाड पट्टी अचानक संपली, तर पुढचा तडा बरोबर तिच्या कडेला पडतो. तुटलेल्या नळीच्या आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा घालून जोड दिला, तर तो अधिक टिकतो. ॲल्युमिनियमच्या सबफ्रेमला हे लागू नाही: उष्णतेने तिची ताकद वेल्डिंगच्या आसपास बरीच घटते, म्हणून तिथे भाग बदलणे हेच शहाणपणाचे.

सीटचे काम थोडे असले तरी दुर्लक्षित राहते. सीटचा तळ सहसा प्लास्टिकचा असतो आणि त्यावरचा भार खालच्या रबरी गुटक्यांमधून सबफ्रेमवर उतरतो. एखादा गुटका गळून पडला की तोच भार पुढच्या जिभेवर आणि मागच्या कुलपाच्या खिळीवर येतो; मग जिभेच्या मुळाशी तळ पांढुरका पडतो आणि पुढे चिरतो. म्हणून सीट उलटी करून गुटके मोजावेत, झिजलेले बदलावेत आणि सीट बसवून कोपऱ्यांवर दाबल्यावर ती डुलत नाही ना, हे पाहावे. चिरलेल्या तळाला सहसा साधा गोंद धरत नाही. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची पट्टी, रिव्हेट आणि प्लास्टिकच्या बाजूने रुंद वॉशर हा उपाय चालतो, फक्त रिव्हेटची टोके वायरिंगला घासता कामा नयेत.

सगळे जोडून झाल्यावर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आणि टायरमधली हवा सामानाच्या भाराप्रमाणे वाढवावी. मग पूर्ण सामान बांधून पेटी दोन्ही हातांनी आडवी हलवावी. सोबत अख्खी गाडी हलली तर ठीक, पेटी एकटीच हलली तर सांधा पुन्हा उघडावा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. चाचणी फेरीनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत आणि प्रवासात रोज सकाळी या रेघांवरून नजर फिरवावी. सोबत प्रत्येक मापाचे दोन बोल्ट, नट व वॉशर, काही मोठे होज क्लॅम्प (नळीभोवती स्क्रूने आवळायच्या धातूच्या कड्या), लोखंडी तार आणि हातभर लांबीची पोलादी पट्टी असू द्यावी: तुटलेल्या नळीला ही पट्टी होज क्लॅम्पने आवळून बांधली आणि कॅरिअरवरचे सामान काढून पुढे घेतले, तर जवळच्या वेल्डरपर्यंत सावकाश पोहोचता येते.