भाताच्या खाचरावरून अन्नसाखळी कशी काढायची (आणि बाण उलटा का काढायचा नाही)

भाच्याचा शाळेचा प्रोजेक्ट होता, त्याने चार्टवर सापाकडून बेडकाकडे बाण काढला. का रे असं विचारलं तर म्हणतो, "मामा, साप जातो ना बेडकाच्या अंगावर." तसं बघितलं तर बरोबर आहे त्याचं, पण हा बाण कोण कोणावर धावला ते सांगत नाही, ऊर्जा कुठून कुठे गेली ते सांगतो. बेडकातली ऊर्जा सापात गेली, म्हणून टोक सापाकडे. एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा, निम्मं काम तिथेच होतं.

आता पुस्तकातलं गवत-नाकतोडा-बेडूक-साप-गरुड हे जसंच्या तसं उतरवू नका, कुठलीतरी खरी जागा घ्या. आम्ही कोकणातलं, लावणी होऊन महिनाभर झालेलं भाताचं खाचर घेतलं. सकाळी तासभर गप्प बांधावर बसायचं आणि वहीत जे दिसेल ते लिहायचं: तुडतुडे, नाकतोडे, खोडकिड्याचे पतंग, त्यांच्यावर टपलेले चतुर आणि कोळी, बेडूक, मुठे (शेतातले खेकडे), पाण्यात पुतळ्यासारखी उभी ढोकरी, गुरांच्या पायात घुटमळणारे गायबगळे. रात्री परत टॉर्च घेऊन जा, पण पायात गमबूट हवेतच आणि बरोबर मोठं माणूस हवं, कारण बांधावर फुरसं असतं आणि ते काय तुमचा प्रोजेक्ट बघून बाजूला होणार नाही.

प्रत्येक जण खाताना दिसेलच असं नाही हां. तिथे खुणा वाचायच्या, म्हणजे उंदराने कुरतडलेली रोपं, बिळाच्या तोंडाशी ताजी माती, धामणीची कात. आणि जुन्या पडक्या घरात किंवा मोठ्या झाडावर गव्हाणी घुबड बसत असेल तर खाली काळपट गोळ्या सापडतात, त्या विष्ठा नव्हे, घुबडाने न पचलेले केस आणि हाडं तोंडातून टाकलेली असतात. ग्लोव्हज आणि मास्क घालून एक गोळी कोमट पाण्यात भिजवा, टूथपिकने सोडवा, आतून उंदराची अख्खी कवटी निघते, याहून चांगला पुरावा कुठे मिळणार!

मग आकडे. भातावर १०,००,००० युनिट ऊन पडलं असं धरा, त्यातलं साधारण १ टक्का पानं पकडतात, म्हणजे १०,०००. (झाड त्यातलंही बरंच स्वतःच्या श्वासात जाळतं, पण हिशोब सोपा राहावा म्हणून ते सोडून देऊ.) पुढे दर पायरीला दहावा हिस्सा धरायचा, नाकतोड्यांत १,०००, बेडकांत १००, धामणीत १०, आणि ती धामण उचलणाऱ्या सर्पगरुडात १. हा हिशोब रेमंड लिंडेमन या अमेरिकन संशोधकाच्या कामातून आला, मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या छोट्या तळ्यावर त्याने तो मांडला. त्याचा पेपर आधी नाकारला गेला होता, शेवटी १९४२ मध्ये छापून आला आणि त्याच वर्षी तो गेला, वयाची २७ वर्षंही पूर्ण नव्हती. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या तळ्यात आकडा १० टक्के नव्हताच, शाकाहाऱ्यांचा १३ टक्क्यांच्या आसपास आणि मांसाहाऱ्यांचा २२ च्या. तेव्हा १० हा अंदाज आहे, दगडावरची रेघ नाही.

बाकीचे ९० जातात कुठे हे चार्टवर दाखवाच, बहुतेक मुलं इथेच मार्क घालवतात. काही भाग कोणी खातच नाही (मुळं, पेंढा), काही खाल्लं तरी पचत नाही आणि विष्ठेतून बाहेर पडतं, आणि जे पचतं त्यातलं बरंचसं हिंडण्याफिरण्यात, श्वासात जळून उष्णता होऊन हवेत जातं. म्हणून उंदराच्या फांदीवर (भात-उंदीर-घुबड) डोळे मिटून १० टक्के लिहू नका. उंदीर गरम रक्ताचा, अंग ऊबदार ठेवण्यातच त्याची कमाई संपते, पचवलेल्यातलं जेमतेम १-२ टक्के अंगात साठतं. बेडकाला ती भानगड नाही, तो थंड रक्ताचा, त्यामुळे खाल्लेल्यातलं जास्त अंगी लागतं.

दुसरी साखळी खाली मातीत काढा: पेंढा, विष्ठा, मेलेले किडे, तिथून बाण बुरशी आणि जीवाणूंकडे, मग गांडुळाकडे, आणि गांडुळाकडून परत बगळ्याकडे. मुठे दोन्हीकडे येतात, कोवळी रोपंही खातात आणि कुजकंही, त्यांना एकाच पायरीवर बसवायचा हट्ट करू नका. इथे अजून एक घोळ हमखास होतो, मातीकडून भाताकडे ऊर्जेचा बाण काढतात. नाही! शेणखतातून भाताला नत्र-स्फुरद मिळतं, ऊर्जा नाही. ती फक्त उन्हातूनच. क्षार फिरून येतात, ऊर्जा एकदा उष्णता होऊन गेली की गेली, म्हणून मातीकडून येणारा बाण वेगळ्या रंगाने काढा.

स्वतःला विसरू नका, आपणही या चार्टवर आहोत. भात खाल्ला तर आपण दुसऱ्या पायरीवर, बांधावरचे मुठे पकडून कालवण केलं तर निदान तिसऱ्या. आणि फवारणी होत असेल तर एक बाजूची नोंद करा, डीडीटीसारखं लवकर न विघटणारं, चरबीत साठणारं कीटकनाशक बरोबर उलटं वागतं, ऊर्जा वर जाताना आटते आणि विष वर जाताना साठत जातं.

शेवटी प्रत्येक पायरीच्या ऊर्जेची एकेक पट्टी स्केलने काढा. १०,००० ला १ मीटर धरलं तर नाकतोडे १० सेंटीमीटर, बेडूक १ सेंटीमीटर, धामण १ मिलिमीटर, आणि उन्हाची पट्टी १०० मीटर, म्हणजे आमच्या अंगणातून सुरू केली तर थेट वाडीतल्या देवळापर्यंत गेली असती, ती नुसती शब्दात लिहिली. सर्पगरुडाची पट्टी पेन्सिलने जमेना, टोक कितीही तासलं तरी जाड यायची, मग भाच्याने आईच्या डब्यातली टाचणी आणली आणि तिथे एक भोक पाडलं.