पूर ओसरला तरी घरातलं माणूस सावरत नसेल तर काय करायचं

पावसाळ्याचे दिवस आले की चिपळूण, महाड, सांगली, शिरोळ या बाजूच्या बऱ्याच घरांत एखादं तरी माणूस बदलतं. रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की उठून बसतं, दहादा मोबाईल बघतं, नदीचं पाणी कुठवर आलंय ते विचारत राहतं, आणि घरातले म्हणतात अरे झोप, काही होणार नाही. २०१४ ची माळीणची दरड, ऑगस्ट २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूणात शिरलेलं पाणी आणि त्याच दिवशी तळियेवर कोसळलेली दरड, मग १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडीची दरड, हे सगळं बातम्यांतून कधीच गेलं, पण ज्यांनी डोळ्यांनी बघितलं त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. हे लिहितेय ते अशा माणसाच्या जवळच्यांसाठी, म्हणजे बायको, मुलगा, सून, शेजारी, कारण डॉक्टर भेटणार महिन्यातून एकदा आणि रात्री दोन वाजता त्याच्या बाजूला तुम्हीच असणार.

मोठा धक्का बसल्यावर पहिले दोन-तीन आठवडे झोप न लागणं, दचकणं, एकदम रडू येणं, खाण्यावरची वासना उडणं हे होतंच, आणि ज्याला होतं तो काही कच्च्या मनाचा नसतो. शरीरातला धोक्याचा भोंगा वाजायला लागलेला असतो आणि पाणी ओसरलं तरी तो लगेच थांबत नाही. बहुतेक माणसं घरच्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणाला आजाराचं लेबल लावू नका. पण महिना उलटला, त्रास तसाच आहे किंवा वाढतोय, काम, झोप, घरातलं वागणं सगळं बिघडलंय, तर मग पीटीएसडी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, आहे का हे डॉक्टरकडून तपासून घ्यायलाच हवं. काहींचं उशिरा निघतं. पुराच्या वेळी तो छातीभर पाण्यात उतरून लोकांना काढत होता, गाळ उपसत होता, किट वाटत होता, एकदम ठणठणीत, आणि सहा-आठ महिन्यांनी कोसळला. घरच्यांना वाटतं तेव्हा तर काही झालं नव्हतं, आता हे नाटक कशाचं. नाटक नसतं ते, असं होतं.

ओळखायचं कसं, तर आपल्याकडे कुणी येऊन मला ताण आहे असं सांगत नाही. ते सांगतात छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, पित्त झालंय, झोपच नाही. ईसीजी काढला तर नॉर्मल येतो, मग सगळे म्हणतात तुला काही झालेलं नाही आणि तो माणूस अजूनच गप्प होतो. तेव्हा तक्रारींच्या पलीकडे वागणं बघा. आमच्या ओळखीतल्या एका काकांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. पाऊस जरा जोरात आला की ते गल्ल्यावरून उठतात आणि खालच्या फळीवरचे तागे माळ्यावर चढवायला लागतात, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी, आणि त्या वेळी हाक मारली तर ऐकू जात नाही, मान घामाने भिजलेली, नजर उंबऱ्यावर. त्यांना पूर आठवत नसतो, त्यांच्या दृष्टीने पूर तेव्हा आलेलाच असतो. कुणाला हे चिखलाच्या वासाने होतं, कुणाला जनरेटरच्या आवाजाने, कुणाला रात्री लाईट गेली की.

दुसरी खूण टाळण्याची. नदीकडचा रस्ता सोडून लांबून जाणं, तळमजल्यावर पाय न ठेवणं, पुराचा विषय निघाला की उठून जाणं, टीव्हीचं चॅनल बदलणं. तिसरी मनाची, कशातच राम न वाटणं, गणपतीत घर भरलेलं असताना हा मागच्या पडवीत एकटा, आणि मनात एकच चक्र, आईला मी आधी वर नेलं असतं तर. चौथी म्हणजे सतत सावध, बारीक आवाजाला दचकणं, भांडं पडलं तर ओरडणं, पोरांवर हात उगारणं, झोप तुटक. पुरुषांमध्ये पिणं वाढलं तर ते नुसतं व्यसन म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा तो झोपेसाठी पीत असतो. लहान मुलं बोलत नाहीत, ती परत अंथरुणात शू करायला लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, किंवा पूर आला, दरड आली हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळतात. म्हाताऱ्यांचं तर सगळं वयावर ढकललं जातं.

सगळ्यांना पीटीएसडीच होतो असंही नाही. दुकान गेलं, कर्ज अंगावर आलं, गाव सोडून पत्र्याच्या कंटेनरमध्ये राहावं लागलं, जसं तळिये आणि इर्शाळवाडीच्या लोकांना राहावं लागलं, यानेही माणूस खचतो, त्यालाही उपचार आहेत. तिथे मात्र बोलण्याबरोबर पंचनामा, बँक, मुलांची शाळा यातली प्रत्यक्ष मदतच जास्त उपयोगाची, एखाद्या दिवशी त्याच्याबरोबर तहसील ऑफिसला जाऊन रांगेत उभे राहा.

घटना ताजी असेल तर आधी सुरक्षित जागा, कोरडे कपडे, गरम चहा किंवा पेज, मोबाईल चार्ज करून देणं, नातेवाईक शोधून देणं, खरी माहिती देणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये यासाठी साधं सूत्र दिलं, बघा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या. त्यात काय काय झालं ते सांग म्हणून खोदून विचारणं कुठेही नाही, आणि लगेच सगळं एकदा बोलून मोकळं करायला लावलं की त्रास टळतो हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. तरी आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. दारात बसून पाहुण्यांना थोपवणं, कॅमेरा घेऊन आलेल्यांना नाही म्हणणं, हे काम घरातल्या एकाने अंगावर घ्या. आणि कुणी गेलं असेल तर ते लपवू नका, मुलांपासूनसुद्धा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मला यासाठीच लिहायचं होतं. काही होणार नाही हे वाक्य बंद करा. त्याने पाणी छतापर्यंत आलेलं बघितलंय, तुमच्या त्या वाक्यावर त्याचा विश्वास बसूच शकत नाही, आणि खरं सांगायचं तर नदीकाठच्या गावात ते वाक्य खोटंच आहे, पाणी परत येऊ शकतं. त्याऐवजी पाणी वाढलं तर आपण काय करायचं ते सांगा. त्या काकांच्या मुलाने तेच केलं. दोघांनी बसून ठरवलं की चौकातल्या अमुक खांबापर्यंत पाणी आलं की माल वर चढवायचा, त्याआधी नाही, आणि खांबाकडे बघून यायचं काम मुलाचं. खालच्या दोन फळ्या पावसाळाभर रिकाम्याच ठेवल्या. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, पॉवर बँक एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर कुणाकडे जायचं ते आधी बोलून ठेवलेलं. काकांचा त्रास पूर्ण गेला नाही पण ताग्यांकडे धावणं बरंच कमी झालं, कारण पुराच्या दिवशी हातात काहीच नव्हतं आणि आता थोडं आहे. हवामान खात्याचा अलर्ट घरातल्या एकानेच बघायचा, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोठ्याने सांगायचा, आणि फॉरवर्ड होणारे जुने पुराचे व्हिडिओ ज्या ग्रुपवर येतात तो ग्रुप म्यूट. पूर आला होता त्या तारखेला दरवर्षी त्रास वाढतो हे धरूनच चाला, त्या दिवशी त्याला एकटं ठेवू नका, फोटोला हार घालायचा असेल, नदीवर नारळ सोडायचा असेल तर बरोबर जा, नसेल जायचं तर तेही ठीक.

बोलताना विसर आता, देवाची इच्छा, तू तर वाचलास ना, अमक्याचं तर सगळं घर गेलं, ही वाक्यं टाळा, तुमचा हेतू चांगला असतो पण समोरच्याला ऐकू येतं की माझं दुःख जास्त झालंय यांना. मी इथेच आहे, बोलावंसं वाटलं तर बोल नाहीतर नुसते बसू, एवढं पुरतं. अपराधीपणाचं बोलायला लागला तर लगेच छे छे तुझी काय चूक म्हणून तोंड बंद करू नका, पूर्ण ऐका, मग हळूच विचारा, तेव्हा पाणी किती वेगाने चढत होतं, तुझ्याकडे किती वेळ होता? उत्तर त्यालाच शोधू दे, घाई नाही.

एकदम तो झटका आला, म्हणजे माणूस इथे असून तिथे आहे असं दिसलं, तर मागून जाऊन धरू नका. समोर, जरा अंतरावर बसा, नावाने हाक मारा, हळू आवाजात सांगा तू घरी आहेस, आज अमुक तारीख, मी अमकी. पाय जमिनीला टेकव, फरशी गार आहे ना? समोर काय काय दिसतंय ते सांग, कॅलेंडर, पंखा, कळशी. गार पाण्याचा ग्लास हातात द्या, श्वास सोडताना लांब सोडायला सांगा, तुम्ही स्वतः तसा सोडा म्हणजे तो बघून करतो. हात धरू का हे विचारून मगच धरा. वाईट स्वप्नातून उठवताना गदागदा हलवू नका, आधी दिवा लावा, लांबून हाक मारा, आणि लाईट जाते त्या दिवसांत चार्जिंगचा दिवा त्याच्या उशाशीच असू दे. नंतर लगेच प्रश्न विचारू नका, माणूस दमलेला असतो.

नदीकडे ओढत नेऊन भीती घालवायचे प्रयोग घरी करू नका. पण उलटंही नको, बाजारातली सगळी कामं तुम्हीच करायला लागलात तर त्याचं जग चार भिंतींएवढं होतं. त्याला विचारून, त्याच्या वेगाने, आज नाक्यापर्यंत, पुढच्या आठवड्यात पुलाच्या अलीकडे. जेवणाची-झोपेची वेळ ठरलेली, थोडं चालणं, रात्रीचा चहा बंद, दारू बंद.

गावात बाहेरचं लागलंय, गाऱ्हाणं घाला असं कुणी म्हणणारच. गाऱ्हाण्याने घरच्यांना बरं वाटत असेल तर त्यावरून भांडू नका, पण मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी असलं काही होऊ देऊ नका आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांची ओपीडी असते. रत्नागिरी, ठाणे, येरवडा आणि नागपूरला सरकारी मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे, आणि तिथे ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती करून ठेवतात असं नसतं. लांब जाणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोन सेवा, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, आणि पेशंट तयार नसेल तर तुम्ही स्वतःसाठी फोन करून सल्ला घेऊ शकता. पीटीएसडीवर मुख्य उपचार बोलण्याचे, प्रशिक्षित माणसाबरोबर त्या आठवणीला हळूहळू सामोरं जाण्याचे, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) किंवा ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायची पद्धत), साधारण काही महिने चालतात. डॉक्टरांनी सर्ट्रालीनसारख्या उदासी-चिंतेवरच्या गोळ्या दिल्या तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका. मेडिकलमधून ओळखीने झोपेच्या गोळ्या आणणं मात्र थांबवा, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही, सवय लागते.

मरणाची भाषा, खाणंपिणं बंद, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणं, यात महिना मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या, १०८ ला फोन करा. मनात मरायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. आंब्याच्या, भाताच्या फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. कुणी प्रयत्न केलाच तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षेऐवजी उपचार देणं सरकारवर बंधनकारक आहे.

सांभाळणाऱ्यांनी रात्री वाटून घ्या, एकट्या बायकोवर किंवा सुनेवर सोडू नका, जागरणाने तीही चिडचिडी होते. आणि ज्यांनी मातीतून, गाळातून प्रेतं काढली, ती गावातली पोरं, होमगार्ड, आशाताई, त्यांच्याकडेही बघा, त्यांना कुणी विचारत नाही कारण ते मदत करणारे होते.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या, त्रास कधीपासून, रात्री किती झोप, कशाने सुरू होतो, पिणं किती, कुठल्या गोळ्या चालू. ओपीडीत मिळतात पाच-दहा मिनिटं आणि तिथे गेल्यावर तो मला काही नाही झालं म्हणणारच, तेव्हा कागद तुम्ही द्या, पण त्याला आधी वाचून दाखवून, त्याच्या देखत.