ओव्यांचा संग्रह वीस वर्षांनी परक्यालाही कळावा म्हणून

सोळा वर्षांपूर्वी जमवलेल्या ओव्यांची माझी एक्सेल शीट गेल्या पावसाळ्यात उघडली. फाइल नीट उघडली, आकडे दिसले आणि एका रकान्याच्या डोक्यावर नुसतं ‘ग’. गाव? गायिका? की गळा, म्हणजे ओवीची चाल? खाली १ ते ७ आकडे. शीट माझीच, पण मला सांगता येईना. तीन ठिकाणी कॉपी होत्या आणि तिन्हींत तोच ‘ग’. शेवटी माळ्यावरच्या वहीत उलगडा झाला: गळा.

तेव्हा सुरुवात हार्ड डिस्क विकत घेण्यापासून करू नका. आधी फोल्डरमध्ये ‘वाचा मला’ नावाची साधी टेक्स्ट फाइल करा. कोणी, कधी, कुठे, कोणत्या यंत्रावर रेकॉर्ड केलं. प्रत्येक रकान्याचा अर्थ काय. कोणती संक्षिप्त रूपं वापरली. काय अर्धवट राहिलं, हे तीत लिहा. कामाच्या वह्याही स्कॅन करून सोबत ठेवा.

गावाच्या नावावर विसंबू नका. वडगावं किती तरी आहेत, आणि जिल्हेही बदलतात: पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाव, तालुका, त्या वेळचा जिल्हा आणि २०११च्या जनगणनेतला गावाचा कोड असे चार रकाने करा. मोडी कागदांवर काम करत असाल तर हीच शिस्त तारखांना लावा. कागदावरची मूळ तारीख एका रकान्यात जशीच्या तशी, तुम्ही काढलेली इसवी तारीख दुसऱ्यात. शकात ७८ मिळवायचे की ७९, शुहूर सनात (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) ५९९ की ६००, हे महिन्यावर ठरतं आणि इथे भलेभले चुकतात. मूळ तारीखच पुसली, तर तुमची चूक पुढच्याला दुरुस्तही करता येणार नाही.

आता मजकूर. युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची आजची सामायिक पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली त्या फॉन्टशिवाय उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्या युनिकोडमध्ये बदला, पण मूळ फाइल फेकू नका. जुना फॉन्ट संगणकावर आहे तोवर एक पीडीएफ/ए प्रतही (फॉन्ट आतच साठवणारा, जतनासाठीचा पीडीएफ) काढा, म्हणजे बदलताना कुठे अक्षर गळलं ते ताडून पाहता येईल.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: ‘अ’वर चंद्र देऊन, किंवा २००८ साली युनिकोडमध्ये आलेलं स्वतंत्र अक्षर वापरून. ‘दऱ्या’मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. ‘दऱ्या’ शोधलं की निम्म्याच ओव्या सापडतात. सगळीकडे एकच तऱ्हा ठेवा आणि कोणती ते ‘वाचा मला’त लिहा. तक्ते सीएसव्हीत (कुठेही उघडणारा साध्या मजकुराचा तक्ता) साठवताना यूटीएफ-८ हाच युनिकोडचा पर्याय निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात. फाइलींची नावं मात्र रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या.

नवं रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलीत करा. जुनं एमपी३, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली फाइल, असेल तर तेच मूळ म्हणून जपा. डब्ल्यूएव्ही केल्याने फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइलीत जरा जरी बदल झाला तरी बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा.

पुढचा प्रश्न अवघड: तुमच्यानंतर हे कोण सांभाळणार? तुमचं क्लाउड खातं तुमच्याबरोबर संपतं, प्रकल्पाची वेबसाइट निधीबरोबर. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेचं झेनोडो हे संशोधनाचं साहित्य जपणारं संकेतस्थळ २०१३पासून चालू आहे. तिथे एका नोंदीत ५० जीबीपर्यंत साहित्य फुकट ठेवता येतं आणि कायमचा ओळख क्रमांक, म्हणजे डीओआय मिळतो. नोंद खुली आणि फाइली बंद, असंही करता येतं.

ही सोय महत्त्वाची, कारण जात्यावर बाई सासरचं, नवऱ्याचं, जाऊबाईचं सगळं बोलते. तेव्हा होकार दिला होता तो रेकॉर्डिंगला, इंटरनेटला नव्हे. शक्य तिथे पुन्हा जाऊन विचारा, आणि नाव घालायचं की झाकायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. सरसकट झाकणं हाही अन्यायच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावरून लोकांपर्यंत येत आहेत, त्या गायिकेच्या आणि गावाच्या नावानिशी. संमती असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (साहित्य इतरांनी कसं वापरावं हे सांगणारे तयार परवाने) कोणता परवाना दिला ते स्पष्ट लिहा. परवाना नसलेला डेटा वापरायला सज्जन अभ्यासक धजावत नाहीत.

शेवटी एक चाचणी. अख्खं फोल्डर विषय न जाणणाऱ्या एखाद्याच्या हाती द्या आणि सांगा, ‘अमुक गावची पावसावरची ओवी काढून ऐकव.’ शेजारी बसा, पण अर्धा तास तोंड उघडू नका. तो जिथे जिथे अडेल ते टिपून ठेवा आणि त्याच संध्याकाळी ‘वाचा मला’त भरा.