बोडीच्या गाळातल्या लाल अळ्या कशा अभ्यासाव्यात

आमच्या गोंदियाकडच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, गाळात हात घातला की रक्तासारख्या लाल अळ्या वळवळत निघतात. लोक त्यांना जंत समजतात. खरं तर त्या कायरोनोमिड कुळातल्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा. म्हणूनच प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या तगतात.

सकाळी लवकर बोडीच्या पाळीवर (बांधावर) जा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथल्या फेसात, काडीकचऱ्यात पारदर्शक काती साचलेल्या असतात. माशी उडून गेली की मागे राहतात त्या. बारीक जाळीनं त्या उचला. एकही जीव न मारता बोडीत काय काय आहे ते कळतं, म्हणून ही पद्धत मला सगळ्यात प्रिय.

गाळ मात्र काठाचा वेगळा, शिंगाड्याच्या वेलाखालचा वेगळा ठेवा. पहिल्या वर्षी मी तो एकत्र केला आणि सगळी मेहनत वाया गेली. 250 मायक्रॉनच्या जाळीत हलकेच धुऊन पांढऱ्या थाळीत ओता, थोडं थांबा. मातीच्या इवल्या नळीतून एक डोकं डोकावतं, मग अख्खी अळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळत पोहते.

रंग तेव्हाच टिपून घ्या, कारण 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये तो उडतो. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका.

सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याच्या खालच्या बाजूची दातेरी पट्टी, म्हणजे मेंटम, बघा. त्यावरून बहुधा प्रजातीपर्यंतच (जीनस) पोचता येतं. नेमकी जात (स्पीशीज) ठरवायची तर काही अळ्या गाळासकट बरणीत वाढवा, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा आणि नर माशी निघेपर्यंत वाट पाहा.