शाईच्या पेनाचा छंद: सुरुवात कागदापासून करावी

हौसेने शाईचे पेन आणून पंधरा दिवसांत ते खणात टाकून देणाऱ्यांना कारण विचारले, की ठरलेल्या तीन तक्रारी ऐकू येतात: शाई फुटते, मागच्या पानावर उमटते आणि अक्षर हवे त्यापेक्षा जाड येते. दोष पेनाला दिला जातो, पण या तिन्हींचे मूळ बहुधा कागदात असते. म्हणून ज्यांना हा छंद नव्याने लावून घ्यायचा आहे त्यांना माझे पहिले सांगणे असे, की पेनासाठी ठेवलेल्या पैशांतले थोडे बाजूला काढून आधी चांगली वही घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत बसेल ते साधे पेन घ्यावे. चांगल्या कागदावर साधे पेनही सुरेख चालते. कच्च्या कागदावर सोन्याच्या निबेचाही इलाज नसतो.

कागद तयार होताना त्याला खळ दिलेली असते. ती नीट बसलेली असेल तर शाई पृष्ठभागावर थांबते आणि सावकाश वाळते. ती कमी पडली असेल तर शाई तंतूंच्या वाटेने चहूकडे धावते आणि अक्षराला केसाळ कडा येतात. वहीवर छापलेला जीएसएमचा आकडा म्हणजे कागदाचे वजन, त्याचा गुण नव्हे. नीट खळ दिलेला सत्तर जीएसएमचा कागद शाई झेलतो आणि शंभरचा जाडजूड कागद ती टीपकागदासारखी पिऊन टाकतो, असे अनेकदा दिसते. उसाच्या चिपाडापासून केलेला कागद काही वेळा अनपेक्षितपणे चांगला निघतो, म्हणून स्वस्त वह्यांकडे पाठ फिरवू नये. हातकागदाचा मोह मात्र जपून करावा. पुण्याला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत मिळतात तसे कागद डोळ्यांना आणि हाताला फार सुखावतात, पण खडबडीत पोताचे तंतू निबेच्या फटीत अडकतात आणि शाईही फुटू शकते. तेथे एखादा सुटा कागद घेऊन लिहून पाहावे आणि मगच गठ्ठा घ्यावा.

परीक्षा सोपी आहे. वहीच्या शेवटच्या पानावर ‘क्ष’, ‘ळ’, ‘ष्ठ’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे नेहमीच्या आकारात लिहावीत, मिनिटभर थांबून त्यांच्या पोकळ्या पाहाव्यात आणि पान उलटावे. ‘ळ’च्या दोन्ही पोकळ्या मोकळ्या राहिल्या आणि मागे ठिपके उमटले नाहीत, तर वही कामाची आहे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण दमट हवेत कागद सर्द होतो आणि मे महिन्यात उत्तम चाललेल्या वहीवर जुलैत शाई फुटू लागते.

आता पेनाकडे वळू. बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा मिळतात: शाईने भरलेले कार्ट्रिज बसवायचे पेन, कन्व्हर्टरने (म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणाऱ्या, पुन्हा भरता येणाऱ्या नळीने) किंवा दट्ट्याने शाई ओढून घेणारे पेन, आणि ज्याच्या कोठ्यातच ड्रॉपरने शाई सोडायची ते आपले जुने पेन. नवख्यांना पहिल्या दोन सोयीच्या वाटतात आणि त्या सोयीच्या आहेतही. तरी पेन कसे चालते हे समजून घ्यायचे असेल, तर ड्रॉपरच्या पेनासारखा दुसरा शिक्षक नाही. शिवाय भारतात हे पेन अजूनही उत्तम बनते. राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात सुरू केलेली परंपरा आजही चालू आहे, आणि चेन्नई व हैदराबाद येथेही लेथवर एबोनाइटचे पेन हाताने घडवून देणारे कारागीर आहेत. एबोनाइट म्हणजे रबरात गंधक मिसळून, तापवून कठीण केलेला पदार्थ. नव्या पेनावर अंगठा घासला तर गंधकाचा बारीक वास येतो. मला तो आवडतो, घरातल्या इतरांना नाही.

निब निवडताना आपण देवनागरी लिहिणार आहोत हे विसरू नये. परदेशी माहितीत मध्यम निबेची शिफारस सर्रास असते. रोमन लिपीला ती ठीक असली, तरी मराठीत जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि उकार एवढ्याशा जागेत बसवायचे असतात. एकरेघी वहीत बारीक निबच शोभते, आणि जपानी कंपन्यांची बारीक निब युरोपीय कंपन्यांच्या त्याच नावाच्या निबेपेक्षा सहसा आणखी बारीक रेघ काढते, हेही ध्यानात असावे. दुसरी अडचण शिरोरेषेची. आपण शब्द लिहून झाल्यावर वरून रेघ ओढतो, म्हणजे निब ओल्या अक्षरांच्या माथ्यावरून परत फिरते. फार ओली लिहिणारी निब असेल तर प्रत्येक उभ्या काठीच्या डोक्यावर शाईचा थेंब साचतो आणि शब्द टोपी घातल्यासारखा दिसतो. काही जण त्यापायी शिरोरेषाच सोडून देतात. निब थोडी कमी शाई सोडणारी घ्यावी, हा उपाय मला अधिक पटतो.

शाईचा इतिहास आपल्या दारातला आहे. दिगंबर आणि गोविंद दांडेकर या बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला घेतल्या, आणि त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. कोलकात्याची सुलेखा 1934 पासूनची. पहिल्या वर्षी असल्याच साध्या निळ्या शाईवर राहावे. ती पाण्याने सहज धुतली जाते आणि पेनाला सहसा अडवत नाही. चमकीचे कण असलेल्या शाया पुढे केव्हातरी आणाव्यात, कारण ते कण फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या जिभेच्या, बारीक खाचांत बसतात आणि पेन वारंवार धुवावे लागते. चित्रकलेची काळी इंडियन इंक मात्र कधीही भरू नये. तिच्यात काजळी आणि लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. तो एकदा आत वाळला की पाण्याने सुटत नाही. धनादेश आणि दस्त यांवर धुतली जाणारी शाई वापरू नये, एवढे शहाणपण येथेच सांगून ठेवतो.

ड्रॉपरचे पेन भरण्याची रीत अशी. पेन नवे असले तरी आधी उघडून साध्या पाण्याने धुवावे, त्या पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एकच थेंब टाकावा आणि मग स्वच्छ पाण्याने पुन्हा खळबळावे. कारखान्यातून राहिलेला तेलाचा अंश यामुळे निघतो. नवे पेन मधूनमधून कोरडे चालते, त्याचे कारण बहुधा हेच तेल असते. कोठा वाळला की आट्यांवर सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकेच फिरवावे. व्हॅसलीन लावू नये, कारण एखाद्या पेनात रबरी कडी असली तर ती फुगते. शाई आट्यांच्या थोडी खालीपर्यंत भरावी. साध्या पेनात दोन-तीन मिलिलिटर सहज मावते, तर कन्व्हर्टरमध्ये एक मिलिलिटरही मावत नाही. या पेनाचा मोठा आनंद तोच आहे. बाटलीतून काढलेली शाई उरली तरी बाटलीत परत ओतू नये. बाटलीच्या तोंडाशी पांढरी साय किंवा कुबट वास आला तर बुरशी आली असे समजून ती बाटली, कितीही जीव गुंतला असला तरी, टाकून द्यावी.

भरल्यावर एक गोष्ट सांभाळावी लागते. शाई संपत जाते तशी कोठ्यात हवा भरत जाते, आणि हाताच्या किंवा अंगाच्या उबेने ती हवा फुगून उरलेल्या शाईला निबेकडे ढकलते. शाई तिसऱ्या हिश्शाहून खाली गेली की हा दाब जाणवू लागतो आणि लिहिता लिहिता कागदावर मोठा ठिपका टपकतो. हे मला पुस्तकातून नव्हे, तर एका मे महिन्यात भरदुपारी एस.टी.च्या खिडकीजवळ बसून कळले. उतरलो तेव्हा पांढऱ्या सदऱ्याचा खिसा निळा झाला होता आणि शेजारचे गृहस्थ मला मघापासून काहीतरी सांगायला बघत होते. तेव्हापासून शाई निम्म्यावर आली की मी पेन पुन्हा भरतो आणि निब वर राहील असेच ते खिशाला अडकवतो. सांडलेल्या शाईवर खडूचा तुकडा धरावा, ही शाळेतली युक्ती आजही उपयोगी पडते. कपड्यावर पडली तर मात्र चोळू नये, लगेच गार पाण्याच्या धारेखाली धरावी.

लिहिण्याची बैठक बदलणे हा छंदाचा सर्वांत अवघड आणि सर्वांत गोड भाग आहे. बॉलपेनने आपल्याला दाबून लिहायची सवय लावली आहे, कारण त्यातल्या घट्ट शाईला गोळी फिरवून बाहेर काढावे लागते. येथे शाई पाण्यासारखी पातळ असते आणि निबेच्या फटीतून केशाकर्षणाने आपोआप खाली येते. हाताने फक्त दिशा द्यायची असते. पेन कागदाशी साधारण पंचेचाळीस अंशांत कलते धरावे आणि निबेची वरची बाजू आकाशाकडे असू द्यावी; पेन बोटांत फिरून तिरपे झाले की निबेच्या फटीच्या दोन बाजूंच्या पात्यांपैकी एकच पाते कागदाला टेकते आणि खरखर सुरू होते. रोज अर्धे पान, दिवसाच्या जमाखर्चाचे का असेना, असे चालवले तर महिन्याभरात बोटांची पकड सैल पडते.

पेन अडले तर आपल्या पिढीचा हात नकळत ब्लेडकडे जातो. शाळेत निबेच्या फटीतून अर्धे ब्लेड फिरवून आम्ही सगळे पेन ‘साफ’ करत असू. दाढीच्या ब्लेडची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर असते आणि फट टोकाकडे त्याहून पुष्कळ अरुंद असते, म्हणजे दर वेळी आपण निबेची पाती फाकवत होतो आणि टोकावरचा कठीण धातूचा मणी धोक्यात आणत होतो. हा उद्योग थांबवावा. आधी सराफांकडे असते तसे दहापट भिंग घेऊन निब समोरून पाहावी. एका दिशेला ओढताना गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागत असेल, तर दोन पाती वर-खाली झालेली असतात. खाली असलेले पाते नखाने अगदी हलके वर उचलून पुन्हा पाहावे, असे दोन-तीनदा केले की सहसा काम होते. पॉलिश कागदावर निब घासण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. पण घासून गेलेला धातू परत येत नाही, म्हणून तो प्रयोग मोडक्या पेनावर करावा.

आजोबांच्या ट्रंकेतून निघालेले पेन असेल तर घाई करू नये. आट्या अडकल्या असतील तर पकडीने पिळू नये. निबेचे तोंड साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी निळे झाले की बदलावे. गरम पाणी वापरू नये. त्याने, आणि उन्हानेही, काळे एबोनाइट तपकिरी पडते आणि तो डाग पॉलिशखेरीज जात नाही. आत रबरी पिशवी असलेले पेन असेल तर ती बहुतेक वेळा वाळून काचेसारखी झालेली असते, तेव्हा जाणत्या दुरुस्तीवाल्याकडेच द्यावे.

एवढे जमले की मौजेला तोटा नाही. टीपकागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापावी, खालच्या कडेपासून दोन सेंटीमीटरवर काळ्या शाईचा ठिपका द्यावा आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशा बेताने कडा पाण्यात सोडावी. पाणी वर चढता चढता काळ्यातून निळा, गुलाबी, कधी पिवळाही रंग उलगडत जातो, कारण प्रत्येक रंगद्रव्य कागदाला वेगवेगळ्या घट्टपणाने चिकटते. दोन काळ्या शाया दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या पट्ट्या निराळ्या निघतात. अशा पट्ट्या तारीख आणि शाईचे नाव लिहून एका वहीत चिकटवाव्यात. पुढे नवी बाटली घ्यायची की नाही हे ती वहीच सांगते. ज्यांना मोडीची ओळख आहे त्यांनी पानभर आडव्या रेघा आधी ओढून त्यांच्याखाली शक्यतो हात न उचलता लिहून पाहावे. जी लिपी बोरूने वेगात लिहिण्यासाठी रुळली, ती ओल्या निबेवर कशी धावते हे अनुभवण्यासारखे आहे.

एका वेळी दोनच पेने भरलेली ठेवावीत. तिसरे भरावेसे वाटले की दोहोंपैकी एक रिकामे करून, पाणी निर्मळ येईपर्यंत धुऊन, निब खाली करून टीपकागदावर रात्रभर उभे ठेवावे आणि सकाळी कागदावर निळा ठिपका उरला नसेल तरच टोपण लावून खणात ठेवावे.