भटक्यांनीच भरायची वेबसाइट करताय? या चुका टाळा

भटकंतीच्या ठिकाणांची माहिती फिरणाऱ्या लोकांकडूनच भरून घेणारी वेबसाइट करताना पहिली चूक होते ती हावेची. अख्खा महाराष्ट्र एकदम घ्यायला जाऊ नका, एकच तालुका घ्या. अकोले घेतलात तर कळसूबाई, रतनगड, सांधण दरी, भंडारदरा, हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट एवढ्यावरच बरंच काम निघतं. रिकाम्या नकाशात कुणी भर घालत नाही, म्हणून पहिल्या तीसेक नोंदी स्वतः फिरून भरा.

सगळ्यात महागात पडते ती तारीख न विचारण्याची चूक. ‘सांधण दरी भारी आहे, नक्की जा’ हे वाक्य जानेवारीत खरं आणि जुलैत जीवघेणं, कारण पावसाळ्यात त्या घळीतून पाणी वाहतं. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर ते जून एवढेच दिवस. गडावरच्या टाक्यातलं डिसेंबरचं पाणी एप्रिलपर्यंत टिकेलच असं नाही. म्हणून फॉर्ममध्ये ‘कधी गेला होतात?’ हा रकाना सक्तीचा करा आणि पानावर ताऱ्यांच्या आधी शेवटच्या भेटीची तारीख दाखवा. पाच तारे कुणी कोणत्या महिन्यात दिले, हे सरासरीत कळत नाही. फोटोच्या फाइलमधून तारीख उचलता येते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून ती बहुतेक वेळा गळून गेलेली असते. तारीख मिळाली तर उचला आणि फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं ठिकाण पुसूनच तो चढवा. कुणाच्या अंगणात काढलेल्या फोटोतून त्याचं घर सापडता कामा नये.

नकाशावर खूणच दिसत नाही? बहुधा अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारं साधन) आधी अक्षांश मागतं, जिओजेसन (ठिकाणांची माहिती साठवायचा फाइल-प्रकार) आधी रेखांश. हरिश्चंद्रगड साधारण १९.३९, ७३.७८ वर आहे. आकडे उलटले की गड थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो. आणि नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा वापरला असेल तर कोपऱ्यातला त्याचा श्रेयनिर्देश काढू नका. तो नकाशाही लोकांनीच भरलाय.

शोधात ठिकाण सापडत नसेल तर नावं तपासा. कोथळीगडालाच पेठचा किल्ला म्हणतात, कळसूबाई कुणी ऱ्हस्व लिहितं, कुणी इंग्रजीत. प्रत्येक नोंदीला पर्यायी नावांचा रकाना हवाच. ‘पायऱ्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, संगणकाला वेगळा. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणा.

खातं उघडायची सक्ती सुरुवातीला नकोच. साधा फॉर्म, त्याची उत्तरं जमा होणारी स्प्रेडशीट, आणि प्रसिद्ध करण्याआधी तुमची नजर एवढं पुरे.

शेवटी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला जा आणि तिथल्या नेटवर्कवर पान उघडून बघा. चार-पाच एमबीचे फोटो तिथे उघडत नाहीत, दोनशे केबीवर आणा. जिथे जेवायला बसाल तिथल्या माणसांना त्यांच्याच गावाची नोंद वाचून दाखवा. वाट कुठे चुकली, पाणी कुठलं आटलं, ते लगेच सांगतात. आणि त्यांचा फोन नंबर द्यायचा असेल तर तो त्यांना विचारूनच टाका.