गवती चहाचा गार चहा: उकळायचा नाही, मुरवायचा

कोल्हापुरात चहा म्हणजे रंग येईस्तोवर खळाखळा उकळलेला. दुधाच्या चहाला ते शोभतं. गवती चहा, तुळस, पुदिना यांचा बर्फ घालून गार चहा करताना मात्र हीच सवय आड येते. या पानांचा वास तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर पटकन उडून जातं. चहा उकळताना घरभर घमघमाट सुटला की बरं वाटतं, पण जो वास घरात पसरला तो पातेल्यात राहिलेला नसतो. उरतो तो गवताचा तुरटपणा. म्हणून आधी एवढं पक्कं करा: आच फक्त पाण्याला आणि आल्याला द्यायची, पानं गॅस बंद केल्यावर.

पुढचं प्रमाण चार मोठ्या ग्लासांचं आहे.

पाणी ७०० मिलि. आलं एक इंच, साधारण १० ग्रॅम. गवती चहाच्या ८ ते १० लांब पाती, म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास. तुळशीची १० पानं, पुदिन्याची २०. गूळ ७० ग्रॅम. लिंबाचा रस दोन मोठे चमचे. मीठ चिमूटभर. आणि बर्फ भरपूर, ग्लासाला पाच-सहा खडे.

गवती चहा परसात किंवा कुंडीत असेल तर बाहेरच्या बाजूच्या पाती घ्या आणि बुडापासून चार बोटं वर कापा. मधला कोंब राहिला की बेट पुन्हा फुटतं. पातीची कड धारदार असते. ती हाताने ओढली तर बोट चिरतं, म्हणून कात्री वापरा. मंडईत भाजीवाल्या मावशींकडे जुडी मिळते. एक पात मोडून चुरगाळून बघा. लिंबासारखा तीव्र वास आला तर ती ताजी. टोकं वाळून पिवळी पडली असतील तर तेवढी कापून टाकली तरी चालतं. सुकी पात वापरायची असेल तर एक मोठा चमचा शिगोशीग पुरे. घरी वाळवणार असाल तर सावलीतच वाळवा, उन्हात वाळवलेल्या पातीला काडाचा वास येतो.

तुळस काळी असेल तर आठच पानं घ्या, ती जास्त तिखट असते. मंजिऱ्या घालू नका, कडवटपणा त्यांच्यातूनच येतो. पुदिन्याचे देठही काढा.

आता कृती. स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यातच आलं ठेचून टाका. उकळी आली की आच मंद करा, झाकण ठेवा आणि पाच मिनिटं राहू द्या. आल्याचा झणका बाहेर यायला उष्णता आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून त्याला एकट्याला ही सवलत. आलं किसून घालू नका. किसलेल्या आल्याने पाणी गढूळ होतं आणि चव खोकल्याच्या काढ्याकडे झुकते. अ‍ॅल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळी भांडं पुढे लिंबामुळे चालत नाही, लोखंडी तर नकोच.

गॅस बंद करा. मिनिटभर थांबा, उकळीचा जोर ओसरू द्या. गवती चहाच्या पाती इंचभर तुकडे करून, हाताने जरा चुरगाळून घाला आणि घट्ट झाकण लावा. सात मिनिटांनी झाकण उघडून तुळस आणि पुदिना टाका, पुन्हा झाका, आणखी तीन मिनिटं. एकूण दहा मिनिटं झाली की लगेच गाळा. पानं पातेल्यातच ठेवून गाळायचं विसरलं तर पुदिना काळा पडतो आणि तासाभरात सगळ्याला पाल्याची चव येते. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यात निथळू द्या, वास त्यांच्यातच आहे. गाळताना चोथा चमच्याने दाबून पिळण्याचा मोह होतो. दोन घोट जास्त मिळतात खरे, पण तेच दोन घोट बाकीचा चहा कडवट करतात.

गोडाकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे त्यात निवड आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि चांगला गूळ इथे सहज मिळतो. तरी या चहासाठी पिवळाधमक दिसणारा घेऊ नका. गडद तपकिरी, फोडल्यावर आत रवाळ दिसणारा घ्या. फार जुना गूळ खारट लागतो. तसा असेल तर मीठ वगळा. गूळ गरम काढ्यातच विरघळवा, गार पाण्यात तो तळाशी बसून राहतो. विरघळला की पातळ सुती कापडातून पुन्हा एकदा गाळा. चिपाडाचे तुसे आणि बारीक कचकच हमखास निघते.

गुऱ्हाळाच्या हंगामातली काकवी घरात असेल तर गुळाऐवजी तीच वापरा. गार चहाला तिच्याइतकं सोयीचं गोड दुसरं नाही: ती गार पाण्यातही सहज मिसळते, त्यामुळे ज्याला जेवढं हवं तेवढं ज्याने त्याने ग्लासात घ्यावं. एका ग्लासाला एक मोठा चमचा बस्स होतो. घरात मधुमेह असणारं कुणी असेल तर बिनगोडाचा काढा वेगळा काढून ठेवा. गूळ काय नि काकवी काय, साखरेसारखीच मोजायची.

पातेलं परातीतल्या गार पाण्यात २०-२५ मिनिटं ठेवा, मग झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन तास. लिंबू पूर्ण गार झाल्यावरच पिळा, नाहीतर रसाचा ताजेपणा जातो. बी गळून आत राहिली तर थोड्या वेळाने कडवटपणा उतरतो. साल ग्लासात टाकायची असेल तर पिवळा भागच घ्या, पांढरा नको.

चव बर्फ घालण्याआधी घ्या, आणि तेव्हा ती किंचित जास्त वाटली पाहिजे, गोडही आणि तिखटही. दोन कारणं. थंड पदार्थात जिभेला गोड कमी कळतं. शिवाय मे महिन्यात बर्फाचे खडे दहा मिनिटांत निम्मे वितळतात, म्हणजे चहात पाणी पडतंच. गरम असताना बरोबर लागलेला चहा गार झाल्यावर पुळचट लागतो तो यामुळेच. पाहुणे गप्पांत रमणार असतील तर अर्धा काढा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून त्याचेच खडे करा. ते वितळले तरी चव पातळ होत नाही.

वाळ्याचा बर्फही करून बघा. १५ ग्रॅम वाळा दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, मुळांत माती अडकलेली असते. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि खडे करा. वाळा उकळायचा नाही. चहात हे खडे विरघळत जातात तसा मातीचा, पहिल्या वळवासारखा वास वर येतो. पुदिना घातलेल्या चहात मात्र तो दबतो. तेव्हा वाळा वापरायचा त्या दिवशी पुदिना नको.

सब्जा आवडत असेल तर एक छोटा चमचा अर्धी वाटी पाण्यात २० मिनिटं भिजवून, फुगल्यावरच ग्लासात घाला. कोरडा सब्जा थेट टाकून प्यायला देऊ नका, घशात फुगला तर अडकतो. चार ग्लासांना एक चमचा पुरे. त्याहून जास्त झाला की चहा बुळबुळीत होतो.

मुलांसाठी गोकर्ण. दारच्या वेलीची निळी फुलं, हिरवं देठ काढून आठ-दहा, २०० मिलि गरम पाण्यात पाच मिनिटं. पाणी गडद निळं होतं आणि लिंबू पिळताच जांभळं. फुलातला रंग आंबटाने बदलतो. यात गूळ घातला तर रंग मातकट होतो, म्हणून खडीसाखर. फुलाला स्वतःची चव जवळजवळ नसते, तेव्हा दोन गवती पाती सोबत टाका. फुलं घरच्या वेलीचीच हवीत, औषध फवारलेली नकोत.

केलेला चहा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, लिंबू पिळलेला त्याच दिवशी संपवा. गुळाचं पाणी उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर आंबायला लागतं: कडेला फेस, आंबूस वास, जिभेवर चुरचुर. असं काही जाणवलं तर ओतून द्या.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याच्या जोडीला हा चहा ठेवायचा असेल तर ४० छोट्या ग्लासांना चार लिटर पाणी धरा. गूळ आणि गवती चहा त्याच हिशेबाने वाढवा. आलं आणि तुळस मात्र चौपटीवरच थांबवा, मोठ्या प्रमाणात दोन्ही अंगावर येतात. मोठं पातेलं लवकर निवत नाही, पानं बराच वेळ कडक पाण्यात राहतात. म्हणून तिथे पाती सात मिनिटांतच काढा. गवती चहाची सैल जुडी दोऱ्याने बांधून सोडली की एका झटक्यात उचलता येते. तुळस आणि पुदिना शेवटच्या दोन मिनिटांत, मलमलच्या पुरचुंडीत. काढा आदल्या रात्री करून ठेवा, लिंबू बायका यायच्या अर्धा तास आधी पिळा आणि बर्फ पातेल्यात न टाकता ग्लासात द्या.